रेडिओच्या खालोखाल मी

मंगळवार, ५ जुलै १९६६. अकोला

सोडून आले तिला.

अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत मी मागेच पाहत होते. बडनेऱ्याला गाडी बदलायची, तर मी बाकावर तशीच बसून. हे म्हणाले, "चाल ना वं, गाडी सुटून राहिली." सुटू दे! ही गाडी घराकडे जाते. शालू तिकडे मागे राहिली, मला कसली घाई?

सोळा वर्षांची पोर माझी. हातांच्या वाळक्या पऱ्हाट्या झाल्यात. पाटावर बसली की हाडं टोचतात म्हणून खाली दुपटं घालून घेते. आणि तरी विचारते कशी – "आई, मी लय जाडी झाली ना?"

देवमन तायडे सर. अमरावतीला कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात, विलायतेत दोन वर्षं शिकून आलेत. एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत त्यांनी हे काम सुरू केलंय. वर्तनोपचार म्हणतात. औषध नाही, सुई नाही. सवय जशी लागते तशी ती सोडवताही येते म्हणे. त्यांची धाकटी बहीण ललिताबाई नर्स आहे, ती शालूजवळ राहणार.

अट एकच. मी यायचं नाही. सर बोलावतील तेव्हाच. डबा नाही, चिठ्ठी नाही, कोणाच्या हाती निरोप नाही.

"मंग मी काय करू?" मी म्हटलं.

"लिहीत जा," म्हणाले. "कोनाले दाखवू नका. मलेबी नाई."

लग्नाआधी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते मी, हात अजून चालतो. शालूची भूगोलाची वही अर्धी कोरी सापडली. तीच घेतली.

गुरुवार, ७ जुलै

हे सगळं कुठून सुरू झालं? सोमवारपासून.

गेल्या वर्षी लढाई झाली, धान्याची टंचाई, आणि पंतप्रधानांनी सांगितलं – सोमवारी संध्याकाळी सगळ्या देशानं एक वेळ जेवू नये. हॉटेलं बंद. आमच्या आळीत चूल पेटेना. शालूच्या शाळेत मोठ्या बाईंनी वर्गात येऊन विचारलं, कोण कोण पाळतं? शालूचा हात पहिला वर. पाठ थोपटली तिची. ह्यांनी कामावर, कापसाच्या जिनिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं. आणि मी तर काय – पाण्याला गेले तरी तेच! "आमची शालू देशासाठी उपास करून राहिली." केशरबाई शेजारची, तिची पोरगी सोमवारी लपून चिवडा खाताना सापडली, तेव्हा मला आतून किती गोड वाटलं होतं!

मग गुरुवार आला. तो दत्ताचा. मग शनिवार. मग रोज अर्धी भाकर. मग चतकोर. लोकांचे सोमवार संक्रांतीनंतर हळूहळू सुटले. शालूचे सातही वार सोमवार झाले.

मग मी भरवायला लागले. सोळा वर्षांच्या घोडीला – चिऊचा घास, काऊचा घास! घास गालात धरून बसायची आणि मी वळले की तुळशीत थुंकायची. मी रडायचे, हे ओरडायचे, केशरबाई दाराशी येऊन म्हणायची, "बाहेरचं हाय हे, शालूची माय, मांत्रिकाले दाखव." दाखवलं. डॉक्टरला दाखवलं. क्षय नाही म्हणाले, टॉनिक दिलं. टॉनिकही तुळशीलाच. तुळस मात्र अशी फोफावली की विचारू नका.

शेवटी जिनिंगच्या मालकांनी देवमन सरांचं नाव सांगितलं.

मंगळवार, १२ जुलै

रेशनला लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी. रांगेत उभी होते. दोन पोरं आपसात भांडत होती – माझी भाकर तू काहून खाल्ली! मला वाटलं जाऊन त्या दोघांच्या आईच्या पाया पडावं.

मंगळवार, १९ जुलै

आजपासून अधिक महिना. यंदा श्रावण अधिक, म्हणजे दोन श्रावण, दोन महिने उपासाचे. सकाळी न्हाऊन राजेश्वराच्या देवळात गेले आणि नवस बोलून आले – शालू या घरात बसून भाकर खाईल तोवर मी एकभुक्त. शिवाय नेहमीचे सोमवार, शनिवार, चतुर्थ्या आहेतच.

बोलल्यावर बरं वाटलं. हातात काहीतरी आलं. नाहीतर दिवसभर नुसत्या रिकाम्या हातांनी घरभर फिरते. स्वयंपाक करते तोही तिघांचा होतो, सवय! तिची भाकर करून ठेवते आणि संध्याकाळी गाईला घालते. गाय खाते. भराभर खाते.

ह्यांना सांगितलं नाही. बायकांच्या नवसात पुरुषांचं काय काम.

मंगळवार, २ ऑगस्ट

सरांचं कार्ड! शालूचं वजन थोडं वाढलं.

आणि पुढे लिहिलंय ते वाचून हसू की रडू कळेना. शालूच्या खोलीत सुरुवातीला काहीच ठेवलं नव्हतं. खाट आणि भिंती. आता खाल्लं की काहीतरी मिळतं. पहिली पायरी, आरसा-कंगवा. दुसरी, भरतकामाचा दोरा. तिसरी, बागेत फिरणं. चौथी, रेडिओ. पाचवी पायरी – आई.

रेडिओच्या खालोखाल मी!

हे म्हणाले, "खालोखाल काहून? वरच्या पायरीवर हाय तू." पुरुषांना समजूत घालायला काय जातं. मी म्हटलं, नऊ महिने पोटात रेडिओ नव्हता.

पण खरं सांगू? दोन पायऱ्या चढली ती. दोन पायऱ्या माझ्याकडे आली. कार्ड देवापाशी ठेवलंय.

सोमवार, ८ ऑगस्ट

तिचा परकर दोरीवर वाळत घातला. धुण्याची गरज नव्हती. धुतला.

शनिवार, २० ऑगस्ट

गेले. ह्यांना सांगितलं मूर्तिजापूरला बहिणीकडे जाते, आणि एस.टी.नं थेट अमरावती. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय! फक्त पाहायचं, दिसायचं नाही, असं शंभरदा मनाशी घोकलं.

दवाखान्यामागे कडुलिंब आहे, त्याच्या आडोशाला उभी राहिले. खिडकी उघडी. शालू जमिनीवर बसलेली. केस विंचरलेले, दोन वेण्या. समोर ललिताबाई जेवत होत्या. शालूकडे ढुंकून पाहत नव्हत्या! मांडीवर पेपर, डाव्या हातानं पान उलटायचं, उजव्या हातानं खायचं. ताट दोघींच्या मधोमध. आणि शालूनं – हळूच, मांजर दुधाकडे जाते तसा हात पुढे केला, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावला. गिळला!

गिळलेला दिसला मला. गळ्याची घाटी हलली.

खुश व्हायला हवं होतं ना मी? वहीत खोटं लिहून काय करू, इथं कोण पाहतंय. आधी मनात आलं ते जातीचं. सरांचं घराणं वलगावचं, बौद्ध. त्यांनी छप्पन साली धर्म बदलला, आमच्या कपाळावरच्या आठ्या काही त्या साली गेल्या नाहीत. आमच्या सासूबाई असत्या तर तिथल्या तिथे फतकल मारून बसल्या असत्या. पण ते क्षणभरच. मग जे जळलं ते निराळंच. परक्या बाईनं एकदाही खा म्हटलं नाही तर पोरगी खाते, आणि मी सहा महिने पाया पडत होते तर माझ्या हातचं तुळशीत! माझ्या हातात काय विष आहे?

तेवढ्यात शालूनं मान वर केली. पाहिलं मला. नक्की पाहिलं. हात ताटावर होता तो तिथेच राहिला, मग मांडीवर गेला.

मी पळाले. अक्षरशः पळाले, चप्पल हातात घेऊन.

मंगळवार, २३ ऑगस्ट

जिनिंगच्या टेलिफोनवर सरांचा निरोप. शनिवार दुपारपासून शालूनं अन्नाला हात लावला नाही. आरसा, दोरा, बाग – सगळं परत पहिल्यापासून.

ह्यांना कळलं मूर्तिजापूरची बहीण कुठे राहते ते. ओरडले नाहीत. कोट काढून खुंटीला लावला आणि खूप वेळ तिथेच उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रविवार, २८ ऑगस्ट

सर स्वतः आले अकोल्याला! मला वाटलं झाडायला आलेत. आल्या आल्या म्हणाले, "खाऊन राहिली पुन्हा. काल अर्धी भाकर."

चहा केला. आमच्याच कपबशांत दिला, बसून प्याले. मग ह्यांच्यासमोर मला विचारलं, "काल तुमी काय जेवल्या?"

काल शनिवार होता. मी सांगितलं.

"परवा?"

एकदाच. रात्री भगर.

"त्याच्या आंधी?" हे माझ्याकडे बघायला लागले. मग नवस सांगावाच लागला.

सर रागावले नाहीत. कपाळाला आठीसुद्धा नाही. म्हणाले, "शालूले मी इचारलं, घरात सगळ्यात जास्त मान कोनाले? ते म्हने आईले, पन उपासाच्या दिवशीच. आई उपाशी असली का बाबा हळू बोलतात. बाबांनी ताट आपटलं आन आईनं जेवन सोडलं, का बाबा समजूत घालाले येतात. एऱ्हवी कोनी इचारत नाही आईले."

हे खाली मान घालून बसले. मी तर मेल्याहून मेली. शालूनं असं सांगितलं? परक्यासमोर? आणि खोटं तरी काय सांगितलं तिनं! रागावले की जेवत नाही मी. ही रीत माझ्या आईची. तिच्या आईचीही असेल. आमच्या बायकांकडे दुसरं हत्यार कोणतं आहे? आडात होतं तेच पोहऱ्यात आलं.

"नवस सोडा," सर म्हणाले. "दोन वेळा जेवा. यांच्यासंगं बसून जेवा, मांगून नाई. तिले आईची भेट तवाच, जवा आई जेवती असंन."

मी म्हटलं, देवाशी बोललेय सर, पोरीच्या जिवाची गोष्ट आहे. तुमच्यात उपास नसतो, तुम्हाला कसं कळणार? बोलले आणि जीभ चावली.

ते हसले. "आमच्या घरी उपास नव्हता खरं. उपाशी निजनं होतं. माही माय आमाले सांगे, मले भूक नाई रे. लय वर्सं आमाले ते खरंच वाटे."

गाडीची वेळ झाली म्हणून उठले. ते गेल्यावर केशरबाई आलीच – कोणत्या कपात दिला चहा? मी म्हटलं, याच, ज्यात तुला आता देते आहे. ती चहा न घेता गेली. जाऊ दे.

सोमवार, ५ सप्टेंबर

सोडवत नाही नवस. समोर ताट घेऊन बसते, दोन घास जातात, तिसऱ्याला हात थांबतो. मी जेवले आणि तिकडे तिला काही झालं तर? सर देवाला जामीन राहतील का?

सोमवार, १२ सप्टेंबर

शेवटचा श्रावण सोमवार. पहाटेपासून रस्त्यानं कावडी. पूर्णेचं पाणी राजेश्वराला चाललेलं, ढोल, जयजयकार, सगळं गाव रस्त्यावर. आणि आत मी चुलीशी भाकर थापत होते. आजच्या दिवशी!

कारण कोणाच्या सांगण्याचं नाही. सकाळी आरशात पाहिलं. गळ्याची हाडं वर आलेली, डोळे आत. आरशातून शालू माझ्याकडे पाहत होती.

ताट वाढून घेतलं. हे कोट घालून दारापर्यंत गेले होते, परत आले, पाट ओढून समोर बसले.

पहिला घास घेतला. तोंडात फिरतोय, फिरतोय, खाली उतरेना! बाहेर देवाचं नाव चाललंय आणि आत मी पाप करतेय असं प्रत्येक ढोलाला वाटत होतं. आणि एकदम कळलं – तिला रोज असं होत असणार! रोज, प्रत्येक घासाला. आणि मी वर बसून म्हणत होते, खा गं, एवढं काय कठीण आहे, तोंड उघडायचं आणि गिळायचं.

माझं लेकरू! काय भोगलं असशील गं तू माझ्या समोर बसून.

पाण्याबरोबर गिळला. मग दुसरा. पूर्ण भाकर नाही झाली. अर्धी झाली. शालूइतकी.

मंगळवार, १३ सप्टेंबर

काही झालं नाही. आभाळ जागच्या जागी आहे.

मंगळवार, २७ सप्टेंबर

झालं. सरांचा निरोप, शालूला ताप. वजन उतरलं. केशरबाईला नवस मोडल्याचं कळलंच होतं, दारातूनच म्हणाली, "देवाशी खोटं बोलली ना तू." मी आत येऊन ताट झाकून ठेवलं. आजपासून पाणीसुद्धा नको, असं ठरवलं.

हे जिनिंगमधून आले. झाकलेलं ताट पाहिलं. हात धुऊन आले, झाकण काढलं, एका ताटाची दोन केली. लग्नाला वीस वर्षं झाली, माझं ताट ह्यांनी कधी वाढलं नव्हतं. भाजी पाटावर सांडली.

"जेव," म्हणाले. "मीबी जेवतो. पाप लागलं तं दोघाईले लागू दे."

जेवलो दोघं. मी रडत होते, हेही. वामनराव नाव आहे ह्यांचं. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

रविवार, २ ऑक्टोबर

ताप उतरला. साधा हिवताप होता, तिकडे बऱ्याच जणांना आहे.

रविवार, ९ ऑक्टोबर

पाचवी पायरी!

सरांनी बजावून सांगितलेलं – खाण्यावरून अवाक्षर नको. दारात उभी राहिले तर शालू खाटेवर बसून टाके घालत होती. गालांवर मांस आलंय थोडं. पोटऱ्या दिसतात. मी म्हटलं, "शालू." ती म्हणाली, "आली तू?"

आणि पुढे मला काही बोलताच येईना!

खाल्लं का. काय खाल्लं. थोडं खा. एवढंच बोलत आलेय मी तिच्याशी. ते सोडलं तर आमच्या दोघींत शब्दच नाहीत. घाटात अडलेल्या घोड्यासारखी जागच्या जागी उभी. शेवटी दोऱ्याचा रंग चांगला आहे म्हटलं. ती म्हणाली, हं. बाहेर खार ओरडत होती. आम्ही दोघींनी खारीकडे पाहिलं. खारीचे उपकार.

मग तीच म्हणाली, "आई, तू मास्तरीण होती ना? बाबांनी एक डाव सांगतलं होतं. कोनत्या वर्गाले शिकवत होती?"

चौथीला, म्हटलं. आणि बोलत सुटले – बिनदाराची शाळा, बकरी वर्गात यायची, एक पोरगा रोज तिच्या पाठीवर पाटी ठेवून गणितं करायचा. शालू हसली! दात दिसले तिचे. किती दिवसांनी दिसले. वेळ संपली तेव्हा गोष्ट अर्धीच राहिली होती.

निघताना जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. सरांची परवानगी विचारायची राहिली होती, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे भीती वाटली, तिची हाडं हाताला लागतील.

रविवार, १३ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन शालूविना. आज भेट.

सरांनी नागपूरला मोठ्या परिषदेत निबंध वाचला, शालूच्या आजाराचा. नाव नाही घातलं, नुसतं 'कु. श.' तिथल्या डॉक्टरांनी दोन तास प्रश्न विचारले म्हणे, आणि आता नागपूरच्या एका इस्पितळात हीच पद्धत सुरू करणार. सरांना आणखी एक खोली मिळाली. ह्यांनी मराठीतून थोडं वाचून दाखवा म्हटलं, तर सरांनी चाचरत वाचलं. त्यात एक वाक्य माझ्यावरचं – "न खाण्याचा मोबदला मुलीला घरातच मिळत होता, प्रत्येक घासावर आईची नजर होती."

मोबदला! माझ्या रात्रंदिवसाच्या रडण्याला मोबदला म्हणतात विलायतेत.

तरातरा बाहेर व्हरांड्यात आले. तिथे एक बाई बसलेली. परतवाड्याची, जाईबाई नाव. मांडीवर डबा, चार पदरांत बांधलेला. तिची सून जेवत नाही, काल इथे ठेवली. "सांजोऱ्या आनल्या हो, तिच्या आवडीच्या. या बाई आत जाऊ देत नाईत. काय मानसं हायेत का कोन!"

मी तिच्याजवळ बसले. किती ओळखीची होती ती! तोच डबा, तेच डोळे. म्हटलं, "डबा घरी न्या जाईबाई. अर्ध्या सांजोऱ्या तुमी खा." ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी ललिताबाईंकडे खिडकीतून बघत होते.

"तुमची पोरगी हाय का आत?" तिनं विचारलं.

हो म्हटलं. चौथ्या पायरीवर रेडिओ आहे, पाचवीवर आपण. तिला काही समजलं नाही. पण तिनं माझा हात धरून ठेवला, शालूची वेळ होईपर्यंत सोडला नाही.

आत गेल्यावर सरांना म्हटलं, ते वाक्य असू द्या निबंधात.

रविवार, ४ डिसेंबर

आणली घरी!!

ललिताबाई बसपर्यंत आल्या. शालू त्यांच्या गळ्यात पडून रडली. मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यांच्याजवळ गेले, म्हटलं, "अकोल्याला या. जेवायलाच या." त्या म्हणाल्या, "येतो ना ताई, पन मी जेवताना पेपर वाचत असतो, चालंन का?"

घरासाठी सरांचा नियम – ताट वाढायचं, एकदाच. मग आपलं आपण जेवायचं. तिच्या ताटाकडे पाहायचं नाही.

गुरुवार, ८ डिसेंबर

जमत नाही! माझे डोळे माझ्या ऐकण्यातले नाहीत. ह्यांच्याशी बोलते, डोळे तिकडे. आज शालूनं घास खाली ठेवला आणि म्हणाली, "पाहून राहिली तू."

शनिवार, १० डिसेंबर

उपाय काढला. चुलीकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून जेवते. हे म्हणाले, "चुलीशी काय बोलनं चालू हाय?" बोलू देत.

बुधवार, २१ डिसेंबर

घरात आहे ती. चार हातांवर. तिच्या बांगड्या वाजतात, पाट सरकतो, आणि मी तिच्यासाठी झुरते आहे. अमरावतीला होती तेव्हा निदान डोळे मिटून हवी तशी पाहत होते – कधी खाताना, कधी लहानपणची, जत्रेत गाठी चोखणारी. आता डोळे उघडे आहेत आणि समोर चूल. किती दिवस झाले माझ्या लेकीला जेवताना पाहिलं नाही! आई असून.

भाकर मोडल्याचा आवाज येतो. त्यावरून अंदाज करते. शालूच्या ध्यानात आलं. "आई, कानही तिकडेच ठेव."

शुक्रवार, ३० डिसेंबर

आज काहीच आवाज आला नाही. हे जेवून उठले. मी बसून. तिनं ताट उचललं, मोरीकडे नेलं, गाईच्या टोपल्यात टाकल्याचा आवाज आला. सगळं टाकलं.

चुलीची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली मी. गरम होती. काय झालं गं, बरं नाही का, एक घास तरी – सगळं ओठांवर आलं. नाही वळले. माझं ताट पूर्ण संपवलं. कसं संपवलं ते मला ठाऊक.

मंगळवार, ३ जानेवारी १९६७

मोडल्याचा आवाज आहे. थोडा. कान तिकडे नव्हते, तरी आला.

रविवार, ८ जानेवारी

सरांचं कार्ड. परतवाड्याची सून घरी गेली. जाईबाईनं मला नमस्कार सांगितलाय. नागपूरहून दोघी शिकायला आल्यात ललिताबाईंकडे. शालूबद्दल फक्त एक ओळ – "घाई नको."

बुधवार, ११ जानेवारी

वांग्याची भाजी, भाकर. मी चुलीकडे तोंड करून.

मागून शालू म्हणाली, "आई, भाजी अळणी हाय. मीठ दे."

वर्षभर ताटावर बसून या पोरीनं 'नको' सोडून दुसरा शब्द काढला नव्हता.

मिठाची बरणी चुलीजवळ, माझ्या हाताशी. न वळता द्यायची कशी? वळले.